भावकीतली लस: शेळीच्या देवीची लस गायीला दिली, ती लंपीत कितपत कामाला आली?

माळरान (धागाकर्ता)

मी नगर जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. लंपी म्हणजे गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग. त्याच्या लसीकरणाला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, बाटलीवर तर शेळीच्या देवीची लस लिहिलंय, आमच्या गायीला कशाला टोचताय?" प्रश्न रास्त आहे. "वरून आदेश आहे" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, म्हणून हा धागा.

लंपीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा, हे तिघे एका भावकीतले. शास्त्रात त्यांना कॅप्रिपॉक्स म्हणतात. तिघांची जनुकीय रचना सुमारे ९७ टक्के सारखी आहे. रक्त तपासून प्रतिपिंडं सापडली, तरी ती तिघांपैकी नेमकी कुणामुळे तयार झाली हे नेहमीच्या चाचणीत सांगता येत नाही. म्हणजे गायीच्या शरीरालाही या तिघांत फारसा फरक दिसत नाही, आणि शेळीची लस गायीला देण्यामागचा सगळा आधार हाच आहे.

लंपी पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ मध्ये, आजच्या झांबियात. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. तेव्हा आपल्याकडे गायीसाठी लंपीची स्वतःची लस नव्हती. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली नीथलिंग नावाची लस जगात होती, पण आपल्याकडे ती वापरात नव्हती. शेळ्यांच्या देवीची उत्तरकाशी जातीच्या विषाणूपासून केलेली लस मात्र देशातच बनत होती, तिचे कारखाने चालू होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लंपी सापडला, महिनाभरात तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला, राजस्थानात मेलेल्या गायींचा सरकारी आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला. आधी बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या घेरात आणि नंतर सरसकट, राज्यातल्या जवळपास १.४ कोटी गोवंशाला टोचायचं ठरलं. बैलबाजार बंद, वाहतूक बंद, शर्यती बंद.

तो निर्णय योग्य होता असं मला मनापासून वाटतं. हाताशी असलेली, सुरक्षित असल्याचं माहीत असलेली भावकीतली लस साथीत वापरायलाच हवी. पण तिची ताकद किती, हे मोजायचं काम तेवढ्याच निकरानं व्हायला हवं होतं, आणि खरी लस येईपर्यंतची ही सोय आहे हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं होतं. इथे पशुपालक आहेत, संशोधक आहेत. तुमचे अनुभव आणि माहिती लिहा.

---

खिल्लारवाली

डॉक्टर, मी आटपाडीकडची. आमच्याकडं खिल्लार आणि दोन संकरित गायी. लस टोचली आणि त्यानंतर आठवड्याभरातच एका गायीच्या अंगावर गाठी उठल्या, ताप चढला, पायाला सूज. शेजारच्यांचंबी तसंच. मग गावात बोललं गेलं की लशीनंच लंपी आणला. काहींनी नंतर गोठ्याला कुलूपच लावलं, टोचणाऱ्याला आत येऊ दिलं नाही. आमची गाय वाचली, पण वासरू गेलं. लशीनं झालं का हे, खरं सांगा. मला कुणावर आळ घ्यायचा नाही, समजून घ्यायचं आहे.

---

माळरान

ताई, वासराचं वाचून वाईट वाटलं.

शेळीच्या देवीच्या लशीत लंपीचा विषाणूच नसतो, त्यामुळे ती लंपी देऊ शकत नाही. मग लशीनंतर गाठी का आल्या? विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण एक ते चार आठवडे जातात. लशीचं संरक्षण उभं राहायला तीन आठवडे लागतात. गावात साथ शिरल्यावर टोचलं, तर काही जनावरांच्या अंगात रोग आधीच आलेला असतो, आणि काहींना मधल्या दिवसांत डास-माश्या चावून होतो. दोन्हीकडे लोकांना दिसतं एवढंच की टोचलं आणि गाठी आल्या. साथीच्या तोंडावर केलेल्या कुठल्याही लसीकरणात हे होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. एकच सुई अनेक जनावरांना वापरली, तर आजारी जनावराच्या रक्तातून विषाणू निरोगी जनावरात जाऊ शकतो. दर जनावराला नवी सुई हा नियम आहे, आणि तो डोळ्यांसमोर पाळला जातोय ना, हे पाहण्याचा पूर्ण हक्क पशुपालकाला आहे. पुढच्या वेळी टोचणाऱ्याला थांबवा आणि सुई बदलायला लावा. कुणी रागावलं तरी चालेल.

---

जुनाकारभारी

मी दूध संस्थेचं काम बरीच वर्षं पाहिलंय, म्हणून थोडं उलट लिहितो.

माळरान, तुम्ही म्हणता निर्णय योग्य होता. कशावरून? राज्यातला जवळपास सगळा गोवंश टोचला गेला, तरी २०२३ मध्ये कोल्हापूर, सोलापूर, नगर भागात लंपी पुन्हा आलाच. २०२२ मध्ये साथ ओसरली ती लशीमुळे की पावसाळा सरून माश्या कमी झाल्यामुळे? की जी जनावरं आजारी पडून बरी झाली त्यांच्या अंगात ताकद आली म्हणून? सगळ्यांनाच टोचलं, म्हणजे न टोचलेली जनावरं तुलनेला उरलीच नाहीत. मग लस किती चालली हे छातीठोक कसं सांगणार? नुकसानभरपाई गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार ठरली, ती मिळाली त्यांना मिळाली. पण ज्यांच्या गायी वाचल्या आणि दूध कायमचं तुटलं, त्यांचा हिशेब कुठेच नाही. माझा लशीला विरोध नाही. पुराव्याशिवाय तिला यश म्हणण्याला आहे.

---

पेशीशोध

जुनाकारभारींचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी विषाणूंवर काम करते, म्हणून बाहेरच्या देशांत काय दिसलं ते लिहिते.

इस्रायलमध्ये २०१२-१३ च्या साथीत नेमकी हीच तुलना केली गेली. काही गायींना मेंढ्यांच्या देवीची लस, तीही मेंढीच्या दहापट मात्रेत, आणि काहींना लंपीचीच नीथलिंग लस. नीथलिंग घेतलेल्या गायींमध्ये लंपी स्पष्टपणे कमी झाला. तुर्कस्ताननंही बरीच वर्षं मेंढीच्या देवीची लस गायींना वाढीव मात्रेत दिली आणि तिथे संरक्षण तोकडं पडलं. बाल्कन देशांनी मात्र नीथलिंग लस सरसकट टोचली. त्या भागात २०१६ मध्ये लंपीचे सात हजारांवर उद्रेक नोंदले गेले होते, २०१७ मध्ये ते चारशेच्या आत आले.

यावरून भावकीतली लस टाकाऊ ठरवायची का? नाही, कारण भावकीतही जवळचा-लांबचा असतो. लंपीला मेंढीच्या देवीपेक्षा शेळीची देवी जवळची आहे. इथिओपियात गायींवर तीन लशी ताडून पाहिल्या, त्यांत शेळीच्या देवीची गोर्गन जातीची लस चांगली चालली आणि तिथली लंपीची म्हणून दिली जाणारी लस कमी पडली. कझाकस्तानातही शेळीच्या देवीच्या लशीनं गायींना संरक्षण दिल्याचं प्रयोगात दिसलं. म्हणजे लशीवर नाव कुणाचं आहे यापेक्षा ती नेमकी कुठल्या जातीची, किती कमकुवत केलेली आणि कुठल्या मात्रेत दिली, यावर सगळं ठरतं. विषाणू फार कमकुवत केला असेल तर खऱ्या रोगाची लसही पांगळी पडते.

मात्रेबद्दल पशुपालकांनी विचारायलाच हवं. गायीला शेळीपेक्षा जास्त विषाणू द्यावा लागतो. शेळीच्या हिशेबानं पाणी घालून बाटली जास्त जनावरांना पुरवली, तर आकडा वाढतो आणि संरक्षण घटतं.

---

तिलारी

मी दोडामार्ग तालुक्यातला. आमच्याकडे भावकीतल्या लशीची दुसरी गोष्ट आहे, आणि ती फसल्याची आहे.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि माणसं तापानं आजारी झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या एनआयव्हीतले लोक तिथे पोहोचले. माकडं मरताहेत म्हटल्यावर आधी धास्ती होती पिवळ्या तापाची. निघाला नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. त्या रोगाला आपण माकडताप म्हणतो. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले रशियाच्या जंगलांत मेंदूज्वर करणारे विषाणू, तेही गोचिडीतूनच येणारे. त्या रशियन मेंदूज्वराची लस तेव्हा उपलब्ध होती. उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवून, फॉर्मालिननं मारून केलेली. तीच शिमोग्याच्या लोकांना देऊन पाहिली. विचार अगदी लंपीसारखाच होता: नातं आहे, लस तयार आहे, साथ चालू आहे. पण तिथे मोजणी झाली, आणि त्या मोजणीत ती लस माकडतापापासून वाचवत नाही असं दिसलं.

मग माकडतापाची स्वतःची लस करावी लागली, कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर वाढवलेली. १९९० च्या सुमाराच्या पाहणीत दोन डोसांनी ९० टक्क्यांच्या वर संरक्षण दिसलं होतं, नंतरच्या पाहणीत ते ६२ टक्क्यांवर आलं, आणि २०२२ मध्ये ती देणंही थांबलं. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि आमच्या सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडताप आहे. काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच. बागेत जायचं तर अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावायचं, पूर्ण बाह्या घालायच्या, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे आणि अंगावर गोचीड आहे का ते बघायचं. नवी लस होईपर्यंत हेच आमचं संरक्षण. पोटासाठी काजू गोळा करणाऱ्या बायकांना "जंगलात जाऊ नका" सांगून भागत नाही, म्हणून लशीची वाट आम्ही मनापासून बघतोय.

माझा प्रश्न असा: लंपीत नातं कामी आलं आणि आमच्याकडे का नाही?

---

पेशीशोध

तिलारी, दोन कारणं मोठी आहेत.

देवीच्या कुळातले विषाणू आकारानं आणि जनुकांनी खूप मोठे. त्यांच्यावर शरीराला पकडता येतील अशा जागा पुष्कळ असतात आणि त्यांतल्या कितीतरी जागा सगळ्या भावकीत सारख्या राहतात. शिवाय या लशी जिवंत, फक्त कमकुवत केलेल्या. त्या शरीरात थोड्या वाढतात, म्हणून प्रतिपिंडांबरोबर पेशींची प्रतिकारशक्तीही तयार होते. माकडतापाचा विषाणू डेंग्यू आणि पिवळ्या तापाच्या कुळातला, छोटा. त्याच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रथिन हेच मुख्य लक्ष्य, आणि ते प्रथिन रशियन नातेवाइकापेक्षा पुरेसं वेगळं आहे. वर ती लस मारलेल्या विषाणूची.

याच कुळात अर्धवट नात्याचा धोकाही असतो. डेंग्यूचे चार प्रकार एकमेकांचे सख्खे, पण एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला रोखण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळकरी मुलांना डेंग्यूची एक लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता अशा मुलांमध्ये, लस घेतल्यावर डेंग्यू झाला तर तो जास्त तीव्र होण्याचा धोका असतो, हे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर करावं लागलं. तिथल्या लोकांचा इतर लशींवरचा विश्वासही त्यात उडाला. म्हणून भावकीतली लस द्यायची तर ती वाचवते का, एवढं बघून चालत नाही. इजा करत नाही ना, हे आधी बघावं लागतं. शेळीच्या देवीच्या लशीबाबत असा धोका दिसलेला नाही, म्हणून २०२२ मध्ये ती सरसकट देणं मला पटलं.

इबोलाचंही थोडक्यात सांगते. झैर प्रकारच्या इबोलावर चांगली लस आहे. युगांडात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुदान प्रकाराची साथ आली, तेव्हा ती लस या प्रकारावर चालणार नाही हे माहीत होतं, म्हणून वापरली नाही. नव्या लशींचे प्रायोगिक डोस डिसेंबरमध्ये पोहोचले, तोवर साथ विझत आली होती. २०२५ च्या जानेवारीत तिथे पुन्हा तीच साथ जाहीर झाली, आणि या वेळी प्रायोगिक लस चार दिवसांत रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना टोचायला सुरुवात झाली. साठा आणि चाचणीचा आराखडा दोन्ही आधीच तयार होते, म्हणून हे जमलं.

---

उत्तरा_शिकागो

माणसांतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण राहिलं: एमपॉक्स, म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स, माणसाच्या देवीच्या भावकीतला. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये झाला आणि पुढे लस थांबली, म्हणून माझ्या आईच्या दंडावर तो गोल व्रण आहे आणि माझ्या नाही. काँगोतल्या १९८० च्या दशकातल्या पाहणीत, देवीची लस घेतलेल्यांना एमपॉक्सपासून सुमारे ८५ टक्के संरक्षण असल्याचं दिसलं होतं. पुढची कितीतरी वर्षं सगळे त्याच आकड्यावर विसंबले.

२०२२ मध्ये एमपॉक्स जगभर पसरला तेव्हा अमेरिकेत एमव्हीए-बीएन ही नव्या पद्धतीची देवीची लस साठ्यात होती. २०१९ मध्येच तिला दोन्ही रोगांसाठी परवाना मिळालेला, पण तो प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आणि प्रतिपिंडांच्या आधारावर. माणसांत ती एमपॉक्स किती रोखते, हे साथीतच कळणार होतं. डोस इतके कमी होते की ऑगस्टमध्ये पाचव्या हिश्श्याचा डोस कातडीच्या थरात द्यायला परवानगी द्यावी लागली. पण नोंदी चोख ठेवल्या गेल्या. त्यावरून देशभरच्या एका मोठ्या अभ्यासात दोन डोसांचं संरक्षण सुमारे ६६ टक्के आणि एका डोसाचं ३६ टक्के निघालं. जुन्या ८५ पेक्षा कमी, पण उपयोगाचं. दुसरा डोस चुकवू नका, हे लोकांना आकडा दाखवून सांगता आलं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ज्या काँगोत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथे ही लस पोहोचायला २०२४ उजाडलं, दुसऱ्यांदा जागतिक आणीबाणी जाहीर झाल्यावर. तिथे आजारी पडणाऱ्यांत लहान मुलं खूप आहेत.

---

नवापूरपोल्ट्री

कोंबडीवाल्यांकडून एक भर. मरेक या गाठींच्या रोगावर आम्ही पिल्लाला पहिल्याच दिवशी हॅचरीत जी लस देतो, ती टर्कीच्या नागीण कुळातल्या विषाणूची आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर वापरतात. कोंबडी गाठींनी मरत नाही, पण विषाणू अंगात बाळगते आणि पसरवते. नंतर मरेकचे जास्त जहाल प्रकार आले आणि त्या लशीत दुसऱ्या लशींची जोड द्यावी लागली. म्हणजे उसनी लस पन्नास वर्षंसुद्धा चालते, फक्त तिच्यावर सतत लक्ष ठेवावं लागतं.

---

जुनाकारभारी

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. २०२२ मध्ये लस द्यायला नको होती, असं मी म्हणणार नाही. साथ दारात असताना पुराव्याची वाट बघत बसता येत नाही, हे पटलं. पण शिमोग्यात १९५० च्या दशकात जी मोजणी झाली आणि अमेरिकेत २०२२ मध्ये जी झाली, ती आपल्या गोठ्यांत का होऊ नये? जनावराच्या कानात बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे, टोचल्याची तारीख नोंदता येते, आजारी पडल्याची नोंदता येते. दूध संस्थेकडे रोजचं दूध लिहिलेलं असतं. लस मिळायला उशीर झालेली गावं आणि लवकर मिळालेली गावं ताडून पाहिली असती, तरी बरंच कळलं असतं. मुद्दाम कुणाला लशीविना ठेवायची गरजच नव्हती. हे अजूनही करता येईल.

---

माळरान

कारभारी, तुमच्या या मागणीवर मी सही करायला तयार आहे. ज्या गावांत मी जातो, तिथे बिल्ल्याच्या नंबरासोबत लशीचा बॅच क्रमांक लिहायला सांगतो. इतर पशुवैद्यकांनीही करावं. कुठल्या बॅचची लस कुठे पांगळी पडली, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

खऱ्या लशीबद्दल थोडं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानं आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं मिळून लंपीची देशी लस केली, रांचीतल्या जनावरांतून मिळालेला विषाणू प्रयोगशाळेत कमकुवत करून. १० ऑगस्ट २०२२ ला ती जाहीर झाली, म्हणजे आपल्याकडे साथ शिरत होती त्याच आठवड्यात. पण जाहीर होणं वेगळं आणि लाखो डोस बनून गावात पोहोचणं वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये तिचं तंत्रज्ञान आपल्या पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार झाला. पुढे २०२५ मध्ये बंगळूरच्या एका कंपनीच्या लंपी लशीला परवाना मिळाला. ती घेतलेलं जनावर आणि रोग होऊन गेलेलं जनावर चाचणीत वेगळं ओळखता येतं. कारभारी, तुम्हाला हवी असलेली मोजणी त्यानं सोपी होईल.

माझं मत एवढंच की खरी लस गावात येईपर्यंत शेळीच्या देवीची लस नाकारू नका, आणि ती साथीच्या आधी, पावसाळ्यापूर्वी घ्या. गावात पहिली गाठ दिसल्यावर धावपळ केली तर तिचे तीन आठवडे वाया जातात.

---

खिल्लारवाली

डॉक्टर, सुईचं ध्यानात ठेवलं. आता दोन कालवडी आणि एक पंधरा दिवसांचं वासरू आहे. गायींना मागच्या वर्षी टोचलंय. वासराला कधी द्यायची?

---

माळरान

ताई, कालवडींना पावसाळ्याआधी द्या. वासराच्या आईला लस झालेली आहे, तेव्हा तिच्या चिकातून त्याला प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती असताना टोचलं तर लस नीट लागत नाही, म्हणून वासरू चार महिन्यांचं झालं की द्या. तोवर गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, शेण-मूत साचू देऊ नका, वासराच्या अंगावरची गोचीड रोज काढा आणि बाहेरून आणलेलं जनावर लगेच त्याच्याजवळ बांधू नका. २०२३ मध्ये वासरांनाच जास्त त्रास झाला होता. आईची लस झालेली नसेल तर मात्र चार महिने थांबायचं कारण नाही, लगेच तुमच्या दवाखान्यात विचारा. आणि टोचल्यावर महिनाभरात गाठ, ताप, नाकातून पाणी, काहीही दिसलं तर तारखेसह इथे लिहा.